निळा ज्वर

पान सहा, डावीकडे खाली,
बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या मधल्या पट्टीत
मी एकतीस वर्षं जॅझबद्दल लिहिलं.
सव्वीस ओळी.
संत्र्याचा हंगाम चढला की बावीस.

पहिल्याच लेखात लिहिलं होतं 'निळा स्वर'.
ब्लू नोटला मराठीत दुसरं काय म्हणणार?
कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे
कुणाच्याच घरी न उतरलेला तो सूर.
जुळाऱ्याने जुळवलं : 'निळा ज्वर'.
चौथ्या दिवशी महालातून एका वैद्यांचं कार्ड आलं :
असा ताप ग्रंथांत आढळत नाही, लक्षणं कळवावीत.

लक्षणं मला होती.
मे महिना, शेहेचाळीस अंश, वाळ्याच्या ताट्या,
आणि उन्हाने वाकलेली एकुलती एक तबकडी.
दर फेरीला सॅक्सोफोनला दम लागायचा.
मी ती वादकाची शैली समजलो, तसं छापूनही आलं.
बायको म्हणाली, काही नाही, हा माणूस जेवलेला नाही.

खरं तर
जे वाजवायचे त्यांना मराठी वाचता येत नव्हतं,
जे वाचायचे त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.
मधे मी, सायकलवर,
अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटकडे निघालेला.

तिथे शनिवारी ऑब्री मेंडिस वाजवायचे.
मालगाडीचे गार्ड. इटारसीहून उतरून थेट यायचे,
गार्डाची पेटी आणि सॅक्सची पेटी शेजारी ठेवायचे,
दोन्ही काळ्या, दोन्ही कडांना सोललेल्या.
अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात
ऐन रंगात ते थांबले. चार मात्रा. डोळे उघडे.
ढोलवाल्याचा हात हवेत तसाच.
मग जणू काहीच घडलं नाही.

मी लिहिलं : 'मेंडिस मधेच विसरले. सराव कमी पडला.'
ती सव्विसावी ओळ होती.
जागा भरायची होती.

आता पान सहावर राशिभविष्य असतं.
तरी परवा धरमपेठेत एका गच्चीवर गेलो, वही घेऊन.
हर्षला सोमकुंवरने कूलरच्या पोटात माइक सोडला होता,
त्या घरघरीचा षड्ज धरून
लॅपटॉपवर काहीतरी उलगडत होती, फार हळू.
ऐकणारे अकरा. दोघं तिच्या मावशीकडचे.
सर, काय लिहाल?
म्हटलं, टाकीतलं पाणी संपलं
आणि आवाज कोरडा झाला, तिथून सुरू करीन.
ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

आणि मागच्या आठवड्यात मोहननगरातून
मर्टल मेंडिसचा फोन.
वाद्य विकायचंय, गिऱ्हाईक माहीत आहे का?
पेटीच्या मखमलीखाली माझं कात्रण निघालं,
घडीवर फाटलेलं, तपकिरी.

पपांना मराठी येत नव्हतं ना, ती म्हणाली,
कॅन्टीनचा बळीराम वाचून दाखवायचा.
यात म्हणे लिहिलंय,
साहेब, तुम्हाला थांबता येतं.

एकतीस वर्षांत त्या पट्टीत
इतकी चांगली ओळ आली नव्हती.
ती माझी नव्हती.
कपबश्या विसळता विसळता
बळीरामने ती वाचली होती,
जिथे ती नव्हतीच.

नीट वाचता का एकदा, अंकल? मी कधी ऐकलं नाही.

चष्मा पुसला. वाचलं.
हॉलमधलं बोरिक पावडरचं पांढरं, थंडी,
पितळेवरचा पिवळा दिवा,
पंचवीस ओळी सरळ वाचल्या.
मग चार मात्रा गप्प राहिलो.

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
लागत नव्हती.

आणि खाली काय आहे? तिने विचारलं.

खाली, म्हटलं, संत्र्याचे भाव.